या चिंतेवर कोण आहे?

एकाच चालकाला एकाच वेळी दोन गाड्यांवर लावलं गेलं, तेव्हा ड्युटीमास्तरांच्या झोपेचा प्रश्न घरापुरता राहिला नाही.

चालक आज्ञाधारक होता. तक्त्यावर आपलं नाव दोनदा आहे हे पाहून तो दोन्ही गाड्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला. दोन्हीकडचे प्रवासी खिडक्यांतून त्याला हाका मारू लागले. त्याने दोन्हीकडे हात करून थांबायला सांगितलं आणि पुढची सूचना येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. या चालकाला डेपोत सगळे ब्रेकदादा म्हणत. त्याची गाडी थांबली की मागच्या बाकावरचे लोक पुढच्या बाकावर येत, म्हणून.

बस डेपोत ड्युटीमास्तरांचं काम एकच होतं. कोणत्या फेरीला कोणती गाडी आणि त्या गाडीवर कोण, हे ठरवायचं. कुणी आजारी पडो, कुणाचा पाय मुरगळो, तक्त्यातला चौकोन मोकळा राहता कामा नये. मास्तर राखीव चालक काढत, त्याच्या जागी आणखी कुणाला बसवत, आणि गाडी निघत असे. त्यांच्या टेबलावर गाड्या सोडायची शिट्टी आणि दोन पेन्सिली होत्या. निळी झिजून बोटभर उरली होती. लाल पेन्सिल फेरी रद्द करण्यासाठी होती. तिला अजून टोकही काढलेलं नव्हतं, आणि नवीन आलेल्या माणसाला मास्तर ती मुद्दाम दाखवत.

फक्त हल्ली त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

"नीट झोपला होतात कधी शेवटचं?" डेपो मॅनेजरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून विचारलं.

"मागच्या वेळापत्रकात."

"म्हणजे सध्याच्या?"

"नाही साहेब. त्याच्या मागच्या."

मॅनेजर तसे मऊ मनाचे होते, पण दोन गाड्यांच्या मधे उभ्या राहिलेल्या माणसाचा फोटो वरच्या कार्यालयात पोहोचला होता. त्यांनी सरळच सांगितलं. नवं वेळापत्रक पुढच्या महिन्यापासून लागणार होतं. त्या दिवशी तक्त्यात एकही जागा रिकामी दिसली, तर तक्ता कॉम्प्युटरकडे जाईल आणि मास्तर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर.

त्या खिडकीमागे छत्र्या होत्या, एकेकटे हातमोजे होते आणि बरणीत ठेवलेली एक कवळी होती. कवळीचा मालक कधी आला नव्हता. तिच्याकडे तोंड करून मास्तरांना निवृत्तीपर्यंत बसावं लागणार होतं.

"गोळ्या घेऊ का झोपेच्या?"

"गोळ्या नकोत. हे करा." मॅनेजरांनी कॉम्प्युटरचा पडदा वळवला. "कंपनीने सगळ्यांसाठी घेतलंय. ऑनलाइन उपचार आहेत. झोपेबद्दलच्या सवयी आणि विचार बदलायचे. दर आठवड्याला एक धडा, शिवाय एक बाई व्हिडिओवर बोलतात."

"रजा काढावी लागेल?"

"नाही."

"मग करतो."

पहिला धडा एका पांडाने दिला. पांडा चित्रातला होता आणि त्याच्या डोक्यावर गोंड्याची टोपी होती. त्याचं म्हणणं असं की अंथरूण फक्त झोपण्यासाठी असतं. तिथे पडून वाचायचं नाही, फोन पाहायचा नाही, विचार करायचा नाही. झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं.

मास्तरांना हे लगेच पटलं. त्यांनी पलंगावरून बायकोचं विणकाम उचललं, चष्मा उचलला, अर्धवट वाचलेलं मासिक उचललं, आणि सगळं दिवाणखान्यात नेऊन ठेवलं.

"अहो, हे काय चाललंय?" बायको म्हणाली.

"ड्युटी नसलेल्यांनी गाडीत बसायचं नाही."

"मी बसू का, की मलाही पास दाखवावा लागेल?"

बायकोला झोपेची कधीच अडचण नव्हती. ती बोलता बोलता झोपत असे, आणि कधी कधी वाक्य सकाळी पूर्ण करत असे. मास्तरांना लग्नापासून तिचा या बाबतीत मनातल्या मनात राग होता.

दुसऱ्या धड्यात पांडाने झोपायची आणि उठायची वेळ ठरवून दिली. झोप येवो न येवो, ठरलेल्या वेळेआधी अंथरुणावर जायचं नाही आणि ठरलेल्या वेळेनंतर लोळायचं नाही. मास्तर हे वेळापत्रक इतकं काटेकोर पाळू लागले, की झोपायची वेळ व्हायच्या आधी पलंगापाशी येऊन घड्याळाकडे बघत उभे राहत. बायको म्हणाली, तेवढी शिट्टी वाजवायची राहिली आहे.

आठवड्याच्या शेवटी समुपदेशक बाई पडद्यावर आल्या. त्या शांत होत्या आणि त्यांच्या मागच्या खुर्चीत एक मांजर अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं होतं. मास्तर बाईंकडे कमी आणि मांजराकडे जास्त पाहत होते.

"प्रगती छान आहे," बाई म्हणाल्या. "आता तिसरा धडा करा. तो चिंतांचा आहे. तुम्हाला आवडेल."

घोटाळा तिसऱ्या धड्यात झाला.

पांडा म्हणाला, चिंता उशीवर न्यायच्या नाहीत. संध्याकाळी एक ठरावीक खुर्ची घ्यायची, तिच्यात बसून काय चिंता करायची ती करायची, कागदावर उतरवायची, आणि चिंता तिथेच सोडून उठायचं.

मास्तर स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या खुर्चीत बसले. गच्चीवरची टाकी भरून वाहिली तर? सकाळची पहिली गाडी थंडीने सुरूच झाली नाही तर? दुसऱ्या शहरात राहणारी मुलगी खिडकी उघडी टाकून झोपली तर? शाळेत शेजारी बसणाऱ्या मुलाची मोजपट्टी परत द्यायची राहिली होती, तो अजून शोधत असेल तर? पृथ्वी फिरता फिरता थांबली तर? ही शेवटची चिंता त्यांना नेहमी पहाटेच्या सुमाराला येई, आणि त्या वेळी ती अगदी रास्त वाटे.

सगळं उतरवून झालं. आता उठायचं होतं. पण मास्तरांना उठवेना. पाच चिंता अशा फलाटावर उभ्या, आणि त्यांच्यावर कुणीच नाही. आयुष्यभर त्यांनी एकही गाडी अशी सोडली नव्हती. त्यांनी खिशातून निळी पेन्सिल काढली आणि प्रत्येक चिंतेसमोर एकेक नाव लिहायला घेतलं.

टाकी मेहुण्याकडे गेली. बायकोचा हा धाकटा भाऊ डेपोत रात्रपाळीचा पहारेकरी होता, तेव्हा तो जागाच असणार होता.

"तू फक्त काळजी करायची," मास्तरांनी त्याला समजावलं. "टाकीपाशी जायची गरज नाही."

"काळजी म्हणजे किती करू, भाऊजी?"

"मी करतो तेवढी."

"तेवढी माझ्याच्याने व्हायची नाही. पण बघतो."

पहिल्या गाडीची चिंता वर्कशॉपच्या मिस्त्रीणबाईंनी घेतली. त्या म्हणाल्या, तशीही ती माझ्याकडेच असायला हवी होती. मोजपट्टी एका नवीन वाहकाला दिली. पृथ्वीसाठी लवकर कुणी मिळेना. शेवटी तिकीटताई तयार झाली. ती वाहकांमध्ये सगळ्यांत जुनी होती आणि पुढचामागचा विचार करून ड्युट्या निवडत असे.

"यात काही करावं लागत नाही ना?"

"काही नाही."

"मग द्या. टाकीपेक्षा सोपी आहे."

मुलीची खिडकी ब्रेकदादाकडे आली. ब्रेकदादाने मुलीला कधी पाहिलेलंही नव्हतं. त्याने कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "नंबर आहे का तिचा?"

त्या रात्री मास्तर ठरलेल्या वेळी अंथरुणावर गेले. सवयीप्रमाणे टाकी आठवली. मास्तर स्वतःशी म्हणाले, तिच्यावर मेहुणा आहे. खिडकी आठवली. तिच्यावर ब्रेकदादा आहे. पृथ्वीपर्यंत ते पोहोचलेच नाहीत.

पुढचे काही दिवस मास्तर टवटवीत दिसू लागले. दाढी एकसारखी होऊ लागली. तक्त्यात कुणाचंही नाव दोनदा आलं नाही. मॅनेजरांनी वरच्या कार्यालयाला कळवलं की उपचार लागू पडला आहे.

डेपोतले बाकीचे मात्र जांभया देऊ लागले.

मेहुणा पहारा सोडून मास्तरांच्या इमारतीत जाऊन टाकीला कान लावून आला होता, आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंनी त्याला चोर समजून कुंडी मारली होती. मिस्त्रीणबाई पहिल्या गाडीचं इंजिन रात्रीतून उठून उठून सुरू करून पाहत. नवीन वाहक मोजपट्टीने पार खचला होता. तो प्रत्येक वयस्क प्रवाशाला तिकीट देताना विचारी, लहानपणी तुमचं काही हरवलं होतं का. तिकीटताईला चक्कर येत होती.

"अशी कशी चक्कर?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्हाला काय विचारायला? आधी ती फिरते हे माझ्या ध्यानातच नव्हतं. आता कळतंय ना."

त्यातून चिंतांची अदलाबदल सुरू झाली. मिस्त्रीणबाईंनी मेहुण्याकडून टाकी घेतली आणि त्याला पहिली गाडी दिली. कुणी दोन दिवस मोजपट्टी करतो म्हणाला, पण बदल्यात रविवार मागितला. शेवटी कामगार संघटनेच्या सचिवांनी मॅनेजरांना निवेदन दिलं, की चिंतेच्या ड्युटीनंतर विश्रांतीची सोय नाही, आणि पृथ्वीसारख्या अवजड चिंतेला दोन माणसं हवीत.

मॅनेजरांनी ते निवेदन दोनदा वाचलं. मग मास्तरांना बोलावलं.

"माझ्याकडे एक माणूस जागा होता," ते म्हणाले. "तुम्ही झोपलात आणि अख्खा डेपो जागा केलात."

"पण साहेब, एकही चिंता रिकामी नाही."

"नवं वेळापत्रक चार दिवसांवर आलंय. हे लोक झोपेत गाडी चालवणार आहेत का? सगळ्यांच्या चिंता परत घ्या. लगेच. आणि तक्ता बिघडला तर खिडकीचं लक्षात आहे ना?"

संध्याकाळी मास्तरांनी ठरलेल्या वेळेआधीच समुपदेशक बाईंना गाठलं आणि सगळा प्रकार सांगितला. बाई ऐकत राहिल्या. मधे एकदा त्यांनी पडद्यावरून चेहरा बाजूला नेला, तेव्हा त्यांचे खांदे हलताना दिसले. परत आल्या तेव्हा त्या गंभीर होत्या.

"तुम्ही चिंता लोकांना वाटल्या."

"वाटल्या नाहीत. ड्युटी लावली."

"अहो, पांडाने त्या नुसत्या खुर्चीत सोडायला सांगितलं होतं."

"कुणाच्या ताब्यात?"

"कुणाच्याच नाही."

मास्तरांना वाटलं, आवाज तुटला असावा. "म्हणजे त्यांच्यावर कोण असणार?"

"कुणीही नाही. टाकीवर रात्रभर कुणी काळजी करत बसलं नाही, तर टाकीचं काय होईल?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "टाकीला आपोआप बंद होणारा नळ आहे."

"आणि पृथ्वी?"

मास्तरांनी कागदावरची ती ओळ पुन्हा वाचली. "ती आधीपासून फिरतेच आहे म्हणा."

"मग तुमच्या डेपोत, ज्या फेरीची गरज नाही, तिचं तुम्ही काय करता?"

मास्तरांना उत्तर ठाऊक होतं. बाईंच्या मागे मांजराने एक डोळा उघडला आणि मिटला.

"रद्द?" मास्तर हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डेपोत त्यांनी लाल पेन्सिलीला टोक काढलं. नवीन वाहक ते बघायला मुद्दाम थांबला. मोजपट्टी सगळ्यांत आधी रद्द झाली आणि त्या पोराने सुटकेचा नि:श्वास सोडला. टाकी रद्द झाली. पहिली गाडी रद्द झाली, म्हणजे तिची चिंता; गाडी नाही, हे मिस्त्रीणबाईंना लिहून द्यावं लागलं. प्रत्येक वेळी 'रद्द' लिहून मास्तर वर बघत, पण छप्पर काही कोसळलं नाही.

तिकीटताई मात्र अडून बसली.

"मी नाही देणार. आता जमायला लागलंय मला."

"चक्कर येते म्हणत होतीस."

"गेली ती. शिवाय बघा ना, मी घेतल्यापासून एकदा तरी थांबली का?"

पृथ्वी मास्तरांनी तिच्याकडे राहू दिली, पण अर्धवेळ.

ब्रेकदादानेही खिशावर हात ठेवला. "मास्तर, ती पोरगी आता रोज स्वतःच फोन करते. खिडकी लावली काका, म्हणते. तुम्ही जेवलात का, म्हणून विचारते. मला कोण विचारतं हो असं?"

मास्तर जरा दुखावले. त्यांना मुलीचा फोन रविवारी येत असे. "तुला जेवलास का विचारते?"

"काल भाजी कोणती होती तेही विचारलं."

मास्तरांनी ती चिंता त्याच्याकडून काढून घेतली नाही. फक्त 'चिंता' हा शब्द खोडला आणि 'फोन' लिहिलं.

नव्या वेळापत्रकाच्या आदल्या संध्याकाळी तक्ता तयार झाला. सगळे चौकोन भरलेले. मास्तरांनी तो तीनदा तपासला, केबिनबाहेरच्या फळ्यावर लावला आणि घरी येऊन चिंतेच्या खुर्चीत बसले. कागदावर एकच ओळ उरली होती. आज झोप लागली नाही तर?

ती त्यांनी कुणालाच दिली नव्हती. तसा प्रयत्न केला होता. पण जो तो म्हणाला, ती आम्ही घेतली तर आम्हीही जागणार. डेपोत लाल पेन्सिलही तिच्यावर चालली नव्हती. त्यांनी तीनदा 'रद्द' लिहिलं, आणि दर वेळी ती ओळ खालून वाचता येत होती. उद्या सकाळी फळ्यासमोर उभं राहून ते स्वतः तक्ता वाचून दाखवणार होते. न झोपता गेले, चुकले, की कवळी वाट बघत होतीच.

बायको विणकाम घेऊन आली. तिने कागद वाचला.

"एवढीच राहिली का? द्या इकडे."

"तुला जमायची नाही. या चिंतेला जागं राहावं लागतं."

"कोण म्हणतं? मी झोपल्या झोपल्या करीन."

"तसं होत नाही."

"मग तुम्ही बसा माझ्यावर लक्ष ठेवून. मी नीट चिंता करतेय की नाही, बघा. तुम्ही मात्र झोपायचं नाही हं. अजिबात."

मास्तरांना हे रास्त वाटलं. ड्युटीवरच्या माणसावर देखरेख हे त्यांचंच काम होतं. ठरलेल्या वेळी बायको आडवी झाली, "लागली नाही झोप तर," एवढं म्हणाली आणि घोरू लागली. मास्तर उशीला टेकून तिच्यावर नजर ठेवून बसले. आज आपल्याला झोपायचं नाहीच आहे, हे किती सोपं आहे, असं त्यांच्या मनात आलं. चिंता करताना तिची भुवई जराशी हलते की काय, हे पाहायला ते थोडे खाली सरकले.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा खोलीत भरपूर ऊन आलं होतं.

मास्तर डेपोत पोहोचले तेव्हा त्यांच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि एका पायात बायकोची. आवार मोकळं होतं. गाड्या नव्हत्या, माणसं नव्हती, फलाट झाडून झाला होता. फळ्यासमोरच्या स्टुलावर मॅनेजर बसले होते. त्यांचे डोळे लाल होते आणि हातात मास्तरांची शिट्टी होती.

"गाड्या?" मास्तरांनी विचारलं.

"गेल्या. सगळ्या. वेळेवर."

"तक्ता कुणी वाचला?"

"मी वाचला. रात्रभर मला डोळा लागला नाही. मास्तर झोपले नाहीत तर, मास्तर चुकले तर, मास्तर आलेच नाहीत तर. पहाटे म्हटलं, इथे लोळण्यापेक्षा तिथेच जावं." त्यांनी शिट्टी मास्तरांच्या हातात ठेवली. "तुम्ही आलाच नाहीत. ठरल्याप्रमाणे बघायचं तर तक्त्यात एक जागा रिकामी होती."

"कोणती?"

"तुमची."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर बरणी आली, बरणीतली कवळी आली. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग शिट्टीकडे, मग मॅनेजरांकडे. इतक्या वर्षांची सवय मदतीला धावली.

"साहेब, माझ्या जागेवर कोण होतं?"

"मी होतो. सांगितलं ना."

"मग रिकामी कशी?"

मॅनेजरांनी ते वाक्य मनात सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. शेवटी त्यांनी मोठी जांभई दिली.

"वरच्या कार्यालयाला हेच कळवतो," ते म्हणाले. "मला आत्ता याहून जास्त विचार झेपणार नाही. उशिराचा शेरा मात्र पडेल."

"पडू द्या, साहेब."

मास्तर आपल्या टेबलामागे जाऊन बसले. निळी पेन्सिल होती तिथेच होती. मॅनेजर जाता जाता दारात थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तो पांडा. त्याच्याकडे मॅनेजर लोकांना घेतात का?"

"घेतात. पण तिसरा धडा करायच्या आधी मला भेटा." मास्तरांनी खुर्ची पुढे सरकवली. "किंवा आत्ताच बसा. काय काय आहे, सांगा."

मॅनेजर बसले. सांगायला लागले. यादी लांब होती, आणि तिच्यात निम्म्याहून जास्त ठिकाणी मास्तरांचंच नाव होतं. मास्तरांनी ती मान हलवत शेवटपर्यंत ऐकली आणि लाल पेन्सिल उचलली.